सामना संपल्यानंतरचे तास

खेळाचा निकाल आणि घरातील मारहाण यांचा काही संबंध आहे का, या प्रश्नाला अभ्यासकांच्या आजवरच्या कामातून जे उत्तर मिळते ते 'संबंध आहे, पण सर्वसाधारणपणे समजला जातो तसा नाही' असे आहे, आणि या उत्तराचा उत्तरार्धच व्यवहारात अधिक उपयोगाचा आहे. सांगली आणि मिरज या दोन शहरांना जोडणाऱ्या रस्त्यावरचे विश्रामबाग हे उपनगर महाविद्यालयांचे, सदनिकांच्या इमारतींचे आणि सरकारी कचेऱ्यांचे आहे. जिल्हा पोलीस अधीक्षकांचे कार्यालय याच भागात आहे, स्वतंत्र पोलीस ठाणे आहे आणि जिल्हा न्यायालय शेजारच्या विजयनगरात आहे. मदतीची दारे इतकी जवळ असलेल्या वस्तीतही सामन्याच्या रात्री भिंतीपलीकडून आलेला आवाज 'घरचा मामला' म्हणून सोडून दिला जात असेल, तर कोणत्या वेळी सावध राहावे आणि कोणाकडे जावे याची माहिती सामन्यापूर्वीच हाताशी असणे आवश्यक ठरते.

कौटुंबिक हिंसा या संज्ञेचा अर्थ येथे केवळ मारहाण असा नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात असून त्याने शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळाला हिंसा मानले आहे. त्याचे संरक्षण पत्नीपुरते मर्यादित नाही; एकाच घरात राहणारी किंवा पूर्वी राहिलेली आई, बहीण, विधवा वहिनी आणि विवाहाशिवाय पतिपत्नीसारखी राहणारी स्त्री या सर्वांना ते मिळते.

संबंधाच्या शोधात सर्वाधिक उल्लेखला जाणारा अभ्यास डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या अर्थशास्त्रज्ञांचा असून तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकी फुटबॉलच्या सहा संघांचे सामने आणि त्या त्या प्रदेशातील पोलिसांच्या नोंदी ताडून पाहताना त्यांनी केवळ पराभव मोजला नाही, तर सामन्यापूर्वीच्या पैजांच्या भावावरून संघाकडून काय अपेक्षा होती हेही मोजले. ज्या सामन्यात घरचा संघ सहज जिंकेल असे सर्वांनी धरले होते आणि तो हरला, अशा 'अनपेक्षित पराभवा'नंतर पुरुषांकडून पत्नीवर किंवा जोडीदारावर घरात होणाऱ्या हिंसेच्या नोंदी सुमारे १० टक्क्यांनी वाढलेल्या आढळल्या, आणि ही वाढ सामना संपण्याच्या आसपासच्या थोड्या वेळात एकवटलेली होती. चुरशीचा होईल अशी अपेक्षा असलेला सामना गमावल्यावर मात्र तशी वाढ दिसली नाही, तर अनपेक्षित विजयामुळे हिंसा घटलीही नाही. याचा अर्थ असा की हरणे तितके झोंबत नाही, हातातोंडाशी आलेला घास जाणे झोंबते.

इंग्लंडमधून आलेली उत्तरे याहून वेगळी आहेत. लँकेशर परगण्यातील पोलीस नोंदींवरून २००२, २००६ आणि २०१० या तीन विश्वचषक फुटबॉल स्पर्धांचा अभ्यास झाला, तेव्हा इंग्लंड हरल्याच्या दिवशी कौटुंबिक हिंसेच्या नोंदी ३८ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्याच, परंतु इंग्लंड जिंकले किंवा सामना बरोबरीत सुटला त्या दिवशीही त्या २६ टक्क्यांनी वाढलेल्या होत्या, आणि सामन्याच्या दुसऱ्या दिवशीची वाढ ११ टक्के होती. पुढे मँचेस्टरमध्ये तेथील दोन मोठ्या क्लबांचे सामने आणि पोलिसांकडे आलेले दूरध्वनी यांची सांगड घालण्यात आली. त्यात प्रत्यक्ष सामना चालू असताना हिंसा थोडी घटते, सामना संपल्यावर ती वाढू लागते आणि सुमारे १० तासांनी शिखरावर पोहोचते, असे दिसून आले. ही सगळी वाढ मद्य प्यालेल्या पुरुषांकडून होत होती आणि ती संध्याकाळी सातच्या आधी खेळल्या गेलेल्या सामन्यांच्या दिवशी होती. अनपेक्षित निकालाचा परिणाम तेथे लक्षणीय आढळलाच नाही.

दोन देशांतील निष्कर्ष असे एकमेकांशी पूर्ण न जुळणारे असताना शास्त्रीय वाद चालू राहणे स्वाभाविक आहे, पण जिच्या घरात हात उगारला जातो त्या स्त्रीने त्या वादाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. तिच्या दृष्टीने एवढे पुरेसे आहे की संघ जिंकला म्हणून रात्र सुरक्षित ठरत नाही, आणि शेवटच्या षटकाइतकेच त्यानंतरचे अनेक तासही महत्त्वाचे असतात. आकड्यांच्या बाबतीत अतिशयोक्तीही घातकच असते. १९९३ मध्ये अमेरिकेत सुपर बोल या अंतिम सामन्याच्या दिवशी मारहाणीत ४० टक्के वाढ होते असा दावा गाजला, तो पत्रकारांनी तपासल्यावर निराधार निघाला, आणि खोट्या आकड्याने खऱ्या प्रश्नावरचाच विश्वास काही काळ कमी केला. परदेशी फुटबॉलचे टक्के म्हणूनच सांगलीच्या क्रिकेटला जसेच्या तसे लावू नयेत. त्यांतून घ्यायची ती वेळेची आणि कारणांची समज.

शिवाय वाढ मोजली जाते ती आधीच चालू असलेल्या हिंसेवर. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा कधी काळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याने पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले होते. याच सर्वेक्षणात देशभरात वारंवार मद्यधुंद होणाऱ्या पतींच्या पत्नींपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांनी, तर मुळीच न पिणाऱ्या पतींच्या पत्नींपैकी सुमारे २३ टक्के स्त्रियांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा अनुभवली होती. दुसरा आकडा पहिल्याइतकाच बोलका आहे, कारण दारूचा थेंब न घेणारे हातही उगारले जातात हे त्यातून उघड होते. सामना म्हणजे या रोजच्या आगीवर पडणारे तेल होय. आग सामन्याने लावलेली नसते.

महाराष्ट्रातील वाचकाला ही मांडणी क्रिकेटच्या वेळापत्रकावर बसवून पाहता येते. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादेत झालेला एकदिवसीय विश्वचषकाचा अंतिम सामना अनपेक्षित पराभवाचे जवळपास पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे: भारत त्या स्पर्धेतील दहाही सामने जिंकून आला होता, दिवस रविवारचा होता, खेळ दुपारी दोनला सुरू झाला आणि ऑस्ट्रेलियाने सहा गडी राखून तो जिंकला तेव्हा रात्र झाली होती. सुट्टी, दुपारपासून मित्रांच्या घोळक्यात चाललेले पिणे, शिगेला पोहोचलेली अपेक्षा आणि रात्री घरी परतणे हे सर्व घटक अशा दिवशी एकत्र येतात. आयपीएलचे बहुतेक सामने संध्याकाळी साडेसातला सुरू होतात, मात्र शनिवार-रविवारी जेव्हा दोन सामने असतात तेव्हा पहिला दुपारी साडेतीनला सुरू होतो, आणि मँचेस्टरच्या निष्कर्षाचा आशय लक्षात घेतला तर घरच्या दृष्टीने अधिक सावध राहण्याचा दिवस हा दोन सामन्यांचा दिवस ठरावा.

निकालावरून किंवा एखाद्या बळीवरून माणूस किती टोकाला जाऊ शकतो हे शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्याने पाहिले आहे. मार्च २०२४ मध्ये करवीर तालुक्यातील हणमंतवाडी येथे मुंबई इंडियन्स आणि सनरायझर्स हैदराबाद यांच्यातील सामना पाहताना रोहित शर्मा बाद झाल्याचा आनंद व्यक्त केल्यावरून साठी ओलांडलेल्या एका ग्रामस्थाला मारहाण झाली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला, असे पोलिसांत दाखल झालेले प्रकरण सांगते. ही घटना चार लोकांसमोर घडली म्हणून तिची बातमी झाली. २००७ च्या विश्वचषकात बांगलादेशाकडून हरल्यानंतर रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर जमाव चालून गेला, त्याचीही झाली. दार बंद करून जे घडते त्याची मात्र बातमी होत नाही.

पराभवामागे पैसा लपलेला असेल तर धोका आणखी वाढतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली, पण तोंडी सट्टा, उधारीवरची पैज आणि बुकीचे तगादे कायद्याने एका रात्रीत थांबत नाहीत. घरातली रक्कम अचानक गायब होणे, पत्नीचे दागिने 'थोड्या दिवसांसाठी' मागणे, फोन लपवणे ही त्याची चिन्हे होत. पत्नीचे स्त्रीधन तिच्या इच्छेविरुद्ध विकणे किंवा गहाण टाकणे हा २००५ च्या कायद्यानुसार आर्थिक छळ आहे, आणि त्यासाठी एक चापटही मारली गेलेली असण्याची गरज नाही, हे फार थोड्या घरांत माहीत असते.

'मॅच हरली म्हणून त्याचा तोल गेला' हे वाक्य नातेवाईक सहजपणे बोलतात, आणि त्यातला कार्यकारणभाव तपासण्याजोगा आहे. तोच पुरुष पराभवाच्या क्षणी चौकातल्या पडद्यासमोर शेकडो अनोळखी माणसांत उभा असतो आणि तिथे कोणावर हात टाकत नाही; साहेबाचा फोन आला तर अदबीने बोलतो; तोल जातो तो उंबरठा ओलांडल्यावर आणि तोही जिच्याकडून उलट वार होणार नाही अशा व्यक्तीसमोर. वड्याचे तेल वांग्यावर काढण्यासाठी वांगे निवडावे लागते, आणि जिथे निवड आहे तिथे तोल गेला असे म्हणता येत नाही. पराभव हा हिंसेची वेळ सांगतो, तिचे समर्थन करत नाही. स्त्रीनेही 'आज सामना हरले, आज बोलायला नको होते' असा दोष स्वतःकडे घेण्याचे कारण नाही.

ज्या घरात पूर्वी मारहाण झालेली आहे, तिथल्या स्त्रीने सामन्यांचे वेळापत्रक सणावारांच्या तारखांइतकेच लक्षात ठेवावे. अशा दिवसाची तयारी आदल्या दिवशी, शांत वेळी करायची असते. आधारकार्ड, बँकेचे पासबुक, विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, रोजची औषधे, थोडी रोख रक्कम आणि घराची जादा किल्ली ही एका पिशवीत घालून ती शक्यतो घराबाहेर, विश्वासातल्या शेजारणीकडे किंवा बहिणीकडे ठेवावी. पिशवी ठेवणे जोखमीचे वाटले तर निदान कागदपत्रांची छायाचित्रे दुसऱ्याच्या फोनवर पाठवून आपल्या फोनमधून काढून टाकावीत. शेजारणीशी एक खूण ठरवून घ्यावी. रात्री अकराला मुलगी विरजण मागायला आली तर पोलिसांना फोन करायचा, एवढी साधी खूणही चालते, कारण तिच्यात घरच्याला संशय येण्यासारखे काही नसते. भांडण पेटू लागल्याचे जाणवले की स्वयंपाकघर आणि न्हाणीघर टाळावे, कारण पहिल्यात विळी, सुरी आणि गॅस असतो व दुसऱ्यातून बाहेर पडायला वाट नसते. दाराजवळच्या खोलीत थांबावे. त्या रात्री पैशांचा हिशेब, सासरची कुरबूर किंवा घर सोडण्याचा विचार हे विषय काढू नयेत. ही शरणागती नाही, वेळेची निवड आहे. विशेषतः घर सोडण्याचा निर्णय त्याला आधी कळू देणे अत्यंत धोक्याचे असते. मुलांना मध्ये पडायला न शिकवता बाहेर पळायला आणि ११२ हा क्रमांक फिरवायला शिकवावे.

काही चिन्हे मात्र वेळापत्रकाची वाट पाहण्यासारखी नसतात. गळा दाबण्याचा एकदा जरी प्रयत्न झाला असेल, शस्त्र दाखवून किंवा जाळण्याची धमकी दिली गेली असेल, गरोदरपणात मारहाण झाली असेल, तर पुढच्या सामन्याचा विचार सोडून आधी सुरक्षित जागी जावे. गळा दाबल्यावर बाहेरून वळ दिसत नाही म्हणून ते किरकोळ समजले जाते, प्रत्यक्षात पुढे जिवावर बेतण्याचा तो सर्वांत गंभीर इशारा मानला जातो, आणि आवाज बसणे, गिळताना दुखणे किंवा भोवळ येणे अशी लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात.

घटना घडल्यावर पहिला फोन ११२ वर करावा. महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनी आहे. जखम असेल तर सांगलीच्या पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना 'जिन्यावरून पडले' असे न सांगता खरे कारण सांगावे, कारण एमएलसी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वैद्यकीय-कायदेशीर नोंदीत जे लिहिले जाते तेच पुढे न्यायालयात पुरावा म्हणून उभे राहते. पोलीस ठाण्यात अनेकदा अशी तक्रार अदखलपात्र म्हणून, म्हणजे ठाण्याच्या बोलीत 'एनसी' म्हणून, नोंदवून स्त्रीला घरी पाठवले जाते. साधी दुखापत हा गुन्हा अदखलपात्र आहे हे खरे, पण पती किंवा त्याच्या नातेवाइकांकडून होणारी क्रूरता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली येते (जुन्या दंडसंहितेत हेच कलम ४९८-अ होते) आणि पीडितेने किंवा तिच्या नातेवाइकाने तक्रार दिल्यास ती दखलपात्र ठरते. म्हणून तक्रारीत त्या एका रात्रीपुरते न लिहिता आधीचे प्रसंगही तारखांसह लिहावेत. जिने तारखा वहीत टिपून ठेवल्या आहेत, किंवा कोणत्या सामन्याच्या रात्री काय झाले हे जिला आठवते, तिचे काम येथे सोपे होते. सामन्याची तारीख कोणालाही पडताळता येते.

फौजदारी तक्रार करायची नसेल तरी २००५ च्या कायद्याची वाट मोकळी राहते, आणि ही वाट पुरेशी परिचित नाही. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी पीडितेचे म्हणणे विहित नमुन्यात लिहून घेतात, त्याला कौटुंबिक घटना अहवाल म्हणतात, आणि तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. अर्ज राहत्या ठिकाणच्याच न्यायालयात करावा लागतो असे नाही. विश्रामबागेतून माहेरी जत किंवा आटपाडीला गेलेली स्त्री तिथल्या न्यायालयातही अर्ज करू शकते. पहिली तारीख साधारणतः तीन दिवसांच्या आत लागावी आणि निकाल साठ दिवसांत द्यावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून अर्जासोबतच अंतरिम आदेश मागण्यास विसरू नये. संरक्षण, सामायिक घरात राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा हे सर्व त्यातून मिळू शकते, घर पतीच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले तरी तिला बेकायदेशीरपणे बाहेर काढता येत नाही, आणि संरक्षण आदेश मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. वकिलाची फी ही अडचण असू नये, कारण स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य विधी साहाय्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण त्यासाठीच आहे आणि त्याची मदतवाहिनी १५१०० ही आहे. तात्पुरत्या निवाऱ्यासाठी केंद्र सरकारच्या योजनेतील सखी केंद्र आणि पोलीस यंत्रणेशी जोडून काम करणारा महिला व मुलांसाठी साहाय्य विशेष कक्ष यांचा आधार घेता येतो; हे विशेष कक्ष मुंबईत १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाले आणि नंतर राज्यभर पसरले.

शेजाऱ्यांनी काय करावे याचे उत्तर २००८ मध्ये सुरू झालेल्या 'बेल बजाओ' या मोहिमेने सोपे करून दिले: दाराची घंटा वाजवावी आणि काहीही क्षुल्लक मागावे. सदनिकांच्या इमारतीत हे सहज शक्य असते, आणि एका मिनिटाचा तो व्यत्यय अनेकदा पुढचा वार थांबवतो. मात्र एकट्याने जाऊ नये, आत शस्त्र असल्याची शंका असेल तर जाऊच नये, थेट ११२ ला कळवावे. हिंसेची माहिती सद्‌भावनेने संरक्षण अधिकाऱ्याला देणाऱ्यावर कायद्याने कोणतीही जबाबदारी येत नाही. समेट घडवण्याची घाई मात्र टाळावी. २००७ मध्ये तासगाव तालुक्यातील अंजनीचे सुपुत्र आर. आर. पाटील यांनी गृहमंत्री असताना तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तिने बांधावरची अनेक भांडणे मिटवली. पण बांधावरच्या भांडणात दोन्ही बाजू बहुधा तुल्यबळ असतात, मारहाणीत नसतात, आणि चार प्रतिष्ठितांसमोर 'पुन्हा असे होणार नाही' असे वदवून स्त्रीला त्याच रात्री त्याच घरात परत पाठवणे म्हणजे तंटा मिटवणे नव्हे.

क्रिकेट पाहूच नये हा सल्ला या जिल्ह्यात कोणी ऐकणार नाही आणि देऊही नये. विजय हजारे १९१५ मध्ये सांगलीत जन्मले, माधवनगरात वाढलेली स्मृती मानधना २ नोव्हेंबर २०२५ रोजी विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची उपकर्णधार होती. इथल्या घरांत आता रिमोटवर आई आणि मुलीचाही तितकाच हक्क आहे. प्रश्न पाहण्याचा नाही, पिण्याचा आणि परतण्याचा आहे. मोठा पडदा लावणाऱ्या मंडळांनी तो दारूमुक्त ठेवावा. मित्रमंडळींनी, ज्याचा हात घरी चालतो हे त्यांना माहीत असते, त्याला पराभवाच्या रात्री प्यालेल्या अवस्थेत घरी सोडण्याऐवजी आपल्याकडे झोपवावे. आणि स्वतः त्या पुरुषाला आपला राग ओळखू येत असेल, तर सामन्यावर पैसे न लावणे, बाटली न उघडणे आणि डोके तापल्यास वाद अर्धवट टाकून बाहेर फेरी मारायला जाणे हे तीन निर्णय सामना सुरू होण्यापूर्वी घ्यावे लागतात, शेवटच्या षटकात ते घेता येत नाहीत. व्यसनासाठी १४४४६ आणि मानसिक ताणासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे सरकारी क्रमांक विनामूल्य आहेत.

लँकेशरच्या अभ्यासातील ती दुसऱ्या दिवशीची ११ टक्के वाढ येथे पुन्हा आठवावी, कारण मदतीची खरी संधी बहुधा सकाळी मिळते. त्या वेळी पुरुष झोपलेला किंवा कामावर गेलेला असतो आणि स्त्री दूध घ्यायला, मुलाला शाळेत सोडायला किंवा कामाच्या ठिकाणी जायला बाहेर पडलेली असते. वर्गात डुलक्या घेणारे मूल, भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा ब्लाउज घालून आलेली स्वयंपाकवाली, नजर टाळणारी सहकारी यांना शिक्षिकेने, घरमालकिणीने किंवा मैत्रिणीने सर्वांसमोर नव्हे, बाजूला घेऊन एवढेच विचारावे की रात्री घरी सगळे ठीक होते ना. मुलाच्या अंगावर मार दिसला तर १०९८ या बालमदतवाहिनीला कळवावे. विचारलेली स्त्री पहिल्या वेळी 'काही नाही' म्हणण्याचीच शक्यता अधिक असते. अशा वेळी खोदून न विचारता १८१ हा क्रमांक तिला तोंडपाठ करून द्यावा आणि पुढच्या सामन्यानंतरच्या सकाळी पुन्हा विचारावे.